एका रात्रीचं रान

तानुबाईनं गाडीच्या पुढच्या चाकावर पाणी घातलं, नारळ फोडला आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा लेकाच्या हातावर ठेवला. मल्हारनं तो तसाच धरला. गाडीभोवती फिरून तो एकेक बोल्ट बोटांनी चाचपत होता.

मल्हार कुपवाडला एका वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करायचा. सुट्टीच्या दिवशी थोडं थोडं करत त्यानं घरच्या जुन्या पिकअपच्या हौद्यावर पत्र्याची खोली चढवली होती. आत झोपायला प्लायची फळी, कोपऱ्यात गॅसची शेगडी, पाण्याचा कॅन, आणि फळीखाली कपड्यालत्त्यासाठी खोल खण. आईनं एकटीनं घाट उतरून समुद्रापर्यंत जायचं, हे त्याला मुळीच पटलेलं नव्हतं. पण ती जाणारच आहे, तर ताडपत्रीखाली झोपायला नको, एवढ्यासाठी त्यानं ते केलं होतं.

म्हसवडच्या अलीकडची ही धनगराची वस्ती. पूर्वी दिवाळी झाली की इथनं मेंढरं निघायची, ती चरत चरत कोकणात. बायका घोड्यांवर बिऱ्हाड लादून पुढं जायच्या, मुक्कामाची जागा गाठायच्या. पुरुष मेंढरं घेऊन दिवस मावळायला मागून यायचे. तानुबाईचं सगळं आयुष्य त्या वाटेवर गेलं. तिच्या नवऱ्याला, बिराप्पाला, डोळ्यांनी दिसेनासं झालं तेव्हा कोकरं बाजारात न्यायला म्हणून ती माणगंगेच्या कोरड्या वाळूत ही पिकअप चालवायला शिकली. पुढं बिराप्पा गेला, मेंढरं विकली, आणि दिवाळी झाली तरी ती घरातच बसून राहिली. बसून बसून पाय दुखायला लागले, असं ती सांगायची. चालून कधी दुखले नव्हते.

मल्हारची अट एकच होती. रस्त्याकडेला, पंपावर, धाब्यावर झोपायचं नाही. "दिवस मावळायच्या आत वळखीची जागा मिळाली तर फुडं जा. न्हाई मिळाली तर फोन कर आये. मी यीन आनि गाडी माघारी आनीन. मग पुन्यांदा नाव काढायचं न्हाई."

"व्हय," तानुबाई म्हणाली.

कपड्यांचं गाठोडं खोलीच्या छताला टांगलेलं बघून मल्हारनं विचारलं, की खणात मग काय भरलंय. लागतंय ते भरलंय, असं म्हणून तिनं गाडी सुरू केली.

मायणी गेली, विटा गेलं. विट्यात ती चहाला थांबली, तेव्हा दोघंतिघं गाडीभोवती जमले. एकानं विचारलं, आत आईस्क्रीम हाय काय. तिनं सांगितलं, हाय, पर वितळलंय. हसून ते बाजूला झाले. वाटेत तिची नजर सारखी आरशात जात होती. घोड्यामागनं चालतानाही ती अशीच वळून वळून बघायची. मागं धुरळा दिसला की मेंढरं येत्यात, सगळं ठीक आहे, असं कळायचं. आरशात उसाची ट्रॉली दिसली, एक एसटी दिसली, मग नुसता रस्ता.

कडेगाव मागं टाकून ती सदाशिवगडाच्या अंगाला आली, तेव्हा दुपार नुकती कलली होती. जी वाट चालायला आठवडा लागायचा, ती जेवणाच्या वेळेपर्यंत सरली होती. आणखी पुढं जाता आलं असतं. पण कराडच्या अलीकडं मुक्काम व्हायचा तो साळूबाईच्या रानात. साळूबाईचा नवरा मिलिटरीत होता, म्हणून कुठल्या रानात मेंढरं बसवायची हे तीच बोट दाखवून सांगायची. रात्रभर मेंढरं बसली की रानाला खत व्हायचं, आणि सकाळी साळूबाई सूपभर ज्वारी द्यायची. तानुबाईला दुसरी जागा सुचलीच नव्हती.

बांधाजवळ गाडी उभी केली तर एक तरणा गडी आला. साळूबाईचा नातू, जयराज. त्यानं मान देऊन विचारपूस केली. आजी गुडघा दाखवायला कराडला गेली होती, संध्याकाळपर्यंत येणार होती. तानुबाईनं रात्रीपुरती जागा मागितली, तसा तो अवघडला. सोयाबीन निघालं होतं, रान हरभऱ्याला तयार केलं होतं, पाइप पसरले होते. गाडीचं चाक गेलं तर सगळं दबणार.

"मावशी, हायवेला पंप हाय. लाइट हाय, संडास हाय. तिथं बिनघोर झोपशीला."

बोलणं खोटं नव्हतं. तानुबाई म्हणाली, की फुकट मागत नाही. तिनं खोलीचं दार उघडलं, फळीखालचा एक खण ओढला. खण लेंडीखतानं गच्च भरलेला होता. विकलेल्या मेंढरांच्या जागेवरचं ते खत तिनं खरडून, चाळून ठेवलं होतं. सगळे खण तसेच होते. कुणाच्या रानात रिकाम्या हातानं कसं बसायचं?

जयराज हसायला लागला, मग त्यानं हसू आवरलं. "एवढ्यानं काय व्हतंय मावशी? अख्खं रान हाय. आमी आता पोत्यातलं टाकतो." तरी आजी येईपर्यंत बांधावर थांबा, असं म्हणून तो उसाला पाणी पाजायला गेला.

तानुबाई बांधावर बसली. भूक लागली होती, भाकरीचं पीठ होतं, शेगडी होती. पण मालकानं रान दाखवल्याशिवाय चूल मांडायची नाही, ही रीत तिच्या हातापायांतच होती. पोरगं म्हणालं ते खरंच होतं. मेंढरं होती तेव्हा लोक वाट बघायचे. आता ती एक म्हातारी बाई होती, गाडी घेऊन आलेली.

फोन वाजला.

"कुठं हायस आये?"

"साळूबाईच्या बांधाला."

"जागा मिळाली?"

"दिसतीया. मिळाली न्हाई अजून."

मल्हार म्हणाला, की मग तो निघतोच.

"अंधार पडला का?" तिनं विचारलं.

"न्हाई."

"मग?"

तिनं फोन ठेवला. गडाची सावली उसावर आली, तशी रिक्षा आली. साळूबाई काठी टेकत उतरली, तिनं तानुबाईला निरखून बघितलं आणि मग तिच्या मागच्या रस्त्याकडं बघितलं.

"मेंढरं कुठायत?"

"न्हाईत वैनी. मालकबी न्हाईत. मी एकलीच हाय."

साळूबाईनं तिचा हात धरला, काही वेळ सोडला नाही. मग म्हणाली, घरात चल, खाट टाकते, गादी हाय. तानुबाईनं मान हलवली.

"तुमच्या घरात मी कवा झोपले? आज झोपले तर पावनी झाले. मग उद्या पावनी कुनाची व्हायचं? फुडच्या रानांत मला पावनी म्हनून कोन वळखत न्हाई."

जयराजनं आजीला खणाची गोष्ट सांगितली. साळूबाई गाडीपाशी आली. तिनं खणातली चिमूट उचलली, बोटांत चोळली, वास घेतला.

"रानाला न्हाई पुरायचं," ती म्हणाली.

"व्हय. एक खन एका रातीचा हाय."

"माझ्या परड्यातल्या वांग्यास्नी पुरंल. पोत्यातल्या खतानं वांगी नुसती फुगत्यात, त्येला चव न्हाई." मग तिनं काठी उचलून बांधाच्या कडेची मोकळी पट्टी दाखवली. "तितं बस. पाइपाकडं चाक जाऊ दिऊ नगंस. जयराज, पाटी आन."

जयराजनं तो एक खण वांग्याच्या वाफ्यात रिता केला. मल्हारचा पुन्हा फोन आला, तेव्हा तानुबाई पीठ मळत होती. तिनं सांगितलं, रान दावलं. पलीकडून त्यानं भाकरीबरोबर काय केलंस, म्हणून विचारलं.

पहिली भाकरी फुगली तेव्हा तिनं सवयीनं रस्त्याकडं बघितलं. कुणी येत नव्हतं. तिनं तव्यावर आणखी एकच भाकरी टाकली आणि शेगडी बारीक केली.

ती जेवायला बसणार, एवढ्यात जयराज सूप घेऊन आला. आजीनं दिलंय, म्हणाला, सकाळी लवकर निघालात तर द्यायचं राहून जायला नको म्हणून. सुपात ज्वारी होती. तानुबाईनं ती फडक्यात बांधली, मोकळ्या झालेल्या खणात ठेवली आणि खण आत सरकवला.