गणपतीच्या पावलाची टाइल

मित्रांनो, मी एक जुनी टाइल आहे. अख्खी होते तेव्हा माझ्यावर गणपतीचं उजवं पाऊल होतं आणि पावलाशेजारी उंदराची शेपटी. आता पाऊल उरलंय, तेही तडा गेलेलं. शेपटी कुठे गेली ते मला माहीत नाही. मुलुंड पूर्वेला एका पिंपळाच्या पारावर, फुटक्या तसबिरींच्या गर्दीत मी पडून आहे. जे देव घरात ठेवायचे नाहीत आणि कचऱ्यात टाकवत नाहीत, ते माणसं इथे आणून ठेवतात आणि मागे न बघता निघून जातात.

माझा जन्म गुजरातेतल्या मोरबीच्या भट्टीतला. मातीच्या चौकोनावर रंगाने पाऊल उमटवलं आणि मला अशा धगीत ढकललं की तो रंग माझ्या अंगाचाच झाला. माझ्या भावंडांपैकी कुणाला मुकुट मिळाला, कुणाला सोंड, कुणाला मोदकांचं ताट. माझ्या वाट्याला पाऊल आलं म्हणून मी रुसले होते. मग आम्हाला खोक्यात घालून मुंबईला आणलं आणि मंगलदीप नावाच्या सोसायटीच्या दर्शनी भिंतीवर, दरवाजाच्या बरोबर वर, पहिल्या मजल्याच्या उंचीला एकमेकींशी जुळवून बसवलं. तेव्हा कळलं की येणारा-जाणारा मान वर करतो तो आधी पावलाला नमस्कार करतो. माझा रुसवा पळाला.

बसवणाऱ्या गवंड्याला घाई होती. त्याने माझ्या पाठीला मधोमध सिमेंटचा एक गोळा लावला आणि मला भिंतीवर दाबलं. कडा पोकळच राहिल्या. समोरून आम्ही झकास दिसत होतो, आणि टाइलची पाठ बघायला कोण जातंय?

पुढची वर्षं कौतुकात गेली. भाद्रपद आला की सोसायटीची पोरं शिडी लावून आमच्या सांध्यांत खिळे ठोकायची आणि झेंडूची जाडजूड माळ, दिव्यांचं तोरण टांगायची. सण संपला की माळ उतरायची, खिळे तसेच राहायचे. पुढच्या वर्षी ते गंजलेले असायचे, म्हणून नवे ठोकायचे. त्या भोकांतून पावसाचं पाणी माझ्या मागे शिरायचं आणि तिथेच मुक्काम ठोकायचं. पाठीवरचं सिमेंट हळूहळू भुसभुशीत होत गेलं. तक्रार करायला टाइलला तोंड नसतं, आणि मला तर गणपतीचंही तोंड मिळालं नव्हतं.

मग एका उन्हाळ्यात मागच्या भिंतीवरच्या साध्या विटकरी टाइल्स गळायला लागल्या. एक थेट उभ्या स्कूटरच्या सीटवर पडली आणि सीट फाटली. सोसायटीची झोप उडाली. बांबूची परांची बांधली गेली आणि देवेश नावाचा गवंडी कामाला लागला. हातोडीच्या दांड्याने तो एकेक टाइल वाजवून बघायचा. पोकळ आवाज आला की खडूने फुली मारायची, ती टाइल काढायची, भिंत खरवडायची आणि पाठ पूर्ण भरून टाइल परत बसवायची. काम चोख करत होता तो. फिरत फिरत आमच्यापर्यंत आला आणि थांबला.

"साहेब, हे पण ठोकून बघायला लागेल," त्याने खाली उभ्या असलेल्या सेक्रेटरी सुबोधना सांगितलं.

"अरे, देवाला हातोडी मारतोस काय? आणि फुटला म्हणजे? खंडित गणपती दारावर ठेवायचा काय आम्ही?"

"मला पण नकोच वाटतं ते. कडा भरून देतो ना पांढऱ्या सिमेंटने. एकदम नवं दिसेल."

"हां, तेच कर."

देवेशने कानाला हात लावला, कडा भरल्या आणि सुटल्यासारखा खाली उतरला. आतलं पाणी आतच कोंडलं. अख्ख्या भिंतीत न तपासलेल्या आम्हीच तेवढ्या उरलो.

सोसायटीचे वॉचमन होते धोंडूकाका, सावंतवाडीकडचे. आधी त्यांची खुर्ची मागच्या भिंतीजवळ सावलीत असायची. त्या स्कूटरची गत बघून त्यांनी खुर्ची उचलली आणि आणली ती थेट माझ्याखाली. त्यांच्या मते साऱ्या बिल्डिंगीत याहून सुखरूप जागा नव्हती. रोज सकाळी ते एक उदबत्ती लावायचे, वर बघून हात जोडायचे आणि मग बसायचे. त्यांची बायको जानकी तिसऱ्या मजल्यावर धुणीभांडी करायची. जाता जाता ती नवऱ्याच्या हातावर भाकरी ठेवायची आणि "टोपी घाला डोक्यार" म्हणून दटावायची. मला ती दोघं फार आवडायची. म्हणूनच मला त्यांच्यासाठी भीती वाटू लागली.

त्या वर्षीच्या गणपतीत पुन्हा खिळे ठोकले गेले. नवं पांढरं सिमेंट तडकलं. रस्त्यावरून डंपर गेला की आम्ही थडथडायचो. पहिल्या मजल्यावरच्या श्रुतिकाची खिडकी आमच्या अगदी लगत. तिला तो आवाज कळला. ती तडक खाली आली आणि सुबोधना दरवाजातच गाठलं.

"काका, तो गणपती हलतोय. मी हात लावून बघितलं. काढून घ्या ना आधी."

सुबोध वाईट माणूस नव्हते. त्यांनी वर बघितलं, चेहरा पडला. "काढू या. पण आता पितृपक्ष लागलाय गं. देव हलवायचा तर उत्तरपूजा पाहिजे, आणि ती या दिवसांत गुरुजी करणार नाहीत. घटस्थापनेला उतरवू, रीतसर."

"आणि तोवर पडला तर?"

"इतकी वर्षं नाही पडला तो."

श्रुतिका धोंडूकाकांकडे वळली. "काका, निदान तुम्ही तरी खुर्ची तिकडे घ्या."

धोंडूकाका हसले. "बाय, मी देवाच्या पायाकडे बसलंय. माका काय होतला?"

"मी मस्करी नाही करत हो काका."

"मस्करी खंय? तो बघता माका, मी बघतंय त्याका."

सुबोधनी मान डोलावली आणि घोंगडं भिजत पडलं. मला ओरडून सांगायचं होतं की काका, पाऊल देवाचं असलं तरी वजन मातीचं आहे, उठा तिथून. पण वारा आला आणि त्यांनी खुर्ची आणखी थोडी भिंतीला सरकवली.

पितृपक्षातलीच एक दुपार होती. गच्चीवर कुणीतरी कावळ्यांसाठी पान ठेवलं होतं. धोंडूकाका जेवून, टोपी मांडीवर ठेवून पेंगत होते. माझ्या पाठीवरचा भुगा सरकला आणि मी सुटले. मित्रांनो, सुटलेल्या टाइलला थांबता येत नाही. माझा कोपरा त्यांच्या उघड्या डोक्यावर, कानाच्या जरा वर बसला.

माणसं धावत आली. एका बाईंनी आधी चपला काढल्या.

"अगं बाई, गणपतीचं पाऊल मोडलं," त्या म्हणाल्या. "तुकड्यांवर पाय देऊ नका कुणी."

हात पुढे आले आणि माझे तुकडे वेचू लागले. कुणी स्वच्छ रुमाल पसरला. धोंडूकाका खुर्चीशेजारी कुशीवर पडले होते. त्यांचं रक्त वाहत माझ्यापर्यंत आलं, तेव्हा मला विटाळ नको म्हणून अजून घाईने उचललं. श्रुतिका जिना उतरून आली.

"अरे, माणूस पडलाय तो. त्याला उचला," ती म्हणाली.

मग कुणीतरी रिक्षा आणायला पळालं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच उरलेला गणपती खाली उतरवला. मुहूर्त बघितला नाही, गुरुजींना विचारलं नाही, देवेशने छिन्नी लावली आणि तासाभरात भिंत मोकळी झाली. वरातीमागून घोडं ते आलंच. मला रुमालातून इथे आणून ठेवलं, वर हळदकुंकू वाहिलं.

धोंडूकाका वाचले. पण त्यांची उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. ते भांडुपच्या टेकडीवरल्या खोलीत पडून असतात, छपराकडे बघत.

जानकी कामावरून सुटली की याच वाटेने जाते. पहिल्यांदा पाराशी थांबली, तेव्हा तिने मला ओळखलं. मला वाटलं, आता ही मला उचलून रस्त्यावर आपटणार. खरंच सांगते, आपटलं असतं तर बरं झालं असतं. तिने डोक्यावर पदर घेतला. पदराच्याच टोकाने माझी धूळ पुसली आणि पावलावर कपाळ टेकवलं.

"देवा, ह्यांका बरे कर," ती पुटपुटली. "येकदा तरी माका हाक मारूंदेत."

मित्रांनो, मी देव नाही. मी भिंतीवरून पडलेली टाइल आहे. तुमच्या दारावर माझी एखादी बहीण असेल, तर तिला नमस्कार करण्याआधी हलवून बघा. सैल असेल तर आजच उतरवा. त्याने देव रागावणार नाही, आणि रागावलाच तर एखाद्या घरातला माणूस मुका होण्याइतका तो राग मोठा नसेल.

संध्याकाळ होत आलीय. जानकी येईल आता, आणि पुन्हा मलाच हात जोडेल.