मशीनवरचं त्र्याण्णव

उचगावच्या गोदामात माल तपासायची पद्धत शिवांजलीनेच घालून दिली होती. लिलावात घेतलेला परतीचा लॉट आला की खोकी फोडायची आणि प्रत्येक वस्तू वीज देऊन दहा मिनिटं चालवायची. चालली तर हिरवं लेबल, नाही चालली तर लाल. हिरवा माल दुकानात जायचा, लाल माल सुट्या भागांसाठी. मिक्सर, पंखे, इस्त्र्या यांना एवढी परीक्षा पुरत होती. पंखा फिरला म्हणजे पंख्याचं काम झालंच.

लोक वस्तू परत का करतात हे लॉटबरोबर कळत नाही. कुणाला रंग आवडलेला नसतो, कुणाला तीच वस्तू दुसरीकडे स्वस्त मिळालेली असते. तिचा नवरा सोमशेखर मोबाइलवर बोली लावायचा आणि ती माल तपासायची. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून तिने काही वर्षं कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवलं होतं. तासिका मिळेनाशा झाल्या तेव्हा ती गोदामात येऊन बसू लागली, आणि मग धंदा दोघांचा झाला.

अव्वाच्या, म्हणजे आईच्या, डोळ्याचं ऑपरेशन होतं म्हणून ती गडहिंग्लजला माहेरी गेली होती. परत आली त्या सकाळी सोमशेखर खुशीत होता.

"या लॉटमध्ये ऑक्सिजनची चार मशीनं आलीत," तो म्हणाला. "एक तर लगेच गेलं. शाहूवाडीकडचा पोरगा होता, विश्वजित. कागलच्या एमआयडीसीत कामाला आहे. बाप शिरोलीला फाउंड्रीत होता, वाळूच्या धुळीनं छाती गेलीय त्याची. घरात मशीन असेल तरच सोडतो म्हणाले डॉक्टर. नवं परवडत नव्हतं. नको नको म्हणताना पाया पडला गं माझ्या."

"कसं तपासलंत?"

"तुझ्याच पद्धतीनं. चालतंय, नळीतून हवा येतेय. वर आकडा पण येतो, त्र्याण्णव. हिरवं लावलं."

उरलेली तीन मशीनं भिंतीला लावून ठेवली होती. शिवांजलीने एक ओढून घेतलं आणि बटण दाबलं. दाबताक्षणी लाल अक्षरांत ९३ उमटलं. आतला पंप अजून घरघरायलाही लागला नव्हता.

"एवढ्यात काय मोजलं त्यानं?" ती म्हणाली.

सोमशेखरला प्रश्न कळला नाही. तिने सांगितलं. असं मशीन खोलीतली हवा ओढतं. आतल्या डब्यांत बारीक दाणे असतात, ते हवेतला नायट्रोजन धरून ठेवतात आणि उरलेला ऑक्सिजन नळीतून पुढे जातो. वरचा आकडा म्हणजे त्या हवेत शंभरात ऑक्सिजन किती, ते. दाण्यांनी ओल धरली की ते काही धरत नाहीत. पंप मात्र तसाच चालतो, हवाही तेवढीच येते. ती नुसती खोलीतलीच हवा असते.

तिने मशीन बराच वेळ चालू ठेवलं. मग देवाच्या फळीवरची उदबत्ती पेटवली, विझवून नुसता निखारा ठेवला आणि नळीच्या तोंडापासून थोड्या अंतरावर धरला. ऑक्सिजन असता तर निखारा पांढरा होऊन भडकला असता. राख उडाली. निखारा होता तेवढाच लाल राहिला. दुसऱ्या मशीनवर तेच झालं. तिसऱ्यावरही.

"म्हणूनच परत आलीत ती," शिवांजली म्हणाली.

सोमशेखर एका खोक्यावर बसला. "चौथं चांगलं असेल की."

"असेल," ती म्हणाली आणि तिने विश्वजितचा नंबर मागितला.

विश्वजितने फोन लगेच उचलला. "वहिनी, एक नंबर मशीन दिलंय शेठनी! बाबा निवांत हायत. नुसतं झोपत्यात."

"झोपतात?" तिने विचारलं. "रक्तातला ऑक्सिजन बघायला बोटाला लावायचं यंत्र दिलंय ना दवाखान्यानं? ते किती दाखवतंय?"

"त्ये बिघडलंय वो. कवा ब्याऐंशी, कवा एकोणऐंशी. बोटं गार असत्यात त्येंची. डॉक्टर म्हणाले हुते, नव्वदच्या वर ऱ्हायला पायजे. मशीनवर त्र्याण्णव हाय की! दिसरात त्र्याण्णव. हलत न्हाय बगा."

शिवांजली एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "विश्वजित, ते त्र्याण्णव बाबांचं नाही. बोटावरचा आकडा बाबांचा आहे. त्यांना आत्ता मलकापूरच्या दवाखान्यात न्या."

फोन बाजूला ठेवल्याचा आवाज आला, मग लांबून बोलणं. विश्वजित परत आला तेव्हा त्याचा आवाज उतरला होता. "न्हाय म्हणत्यात. आत्ता कुठं बरं वाटाय लागलंय म्हणं. परत दवाखान्याचं नाव काढलंस तर तंगडं मोडीन म्हणाले."

"त्यांना टेकवून बसवा. आडवं झोपू देऊ नका. आम्ही येतो."

सोमशेखर शिरोलीला जाऊन भाड्याची ऑक्सिजनची टाकी घेऊन आला. तो येईपर्यंत शिवांजलीने पक्कड घेतली आणि तिन्ही मशीनच्या वायरी मुळापासून तोडल्या. मग आतले दाण्यांचे डबे बाहेर काढून ते ठोकून चेपले.

"अगं, लॉट तसाच पुढच्या लिलावात तरी गेला असता," तो दारातूनच म्हणाला.

"कुणाकडे?"

तो गाडीकडे वळला. टाकी गाडीत नीट आडवी बांधली का, ते त्याने पुन्हा एकदा पाहिलं.

वाटेत तिने विश्वजितकडून नंबर घेऊन मलकापूरच्या दवाखान्याच्या डॉक्टरांना फोन लावला. टाकीचा प्रवाह मिनिटाला दोन लिटरच्या वर नेऊ नका, एकदम जास्त दिलात तर श्वासच मंदावेल, आणि काहीही करून त्यांना इकडे आणा, असं ते म्हणाले. तिने ते तळहातावर पेनने लिहून घेतलं.

घर डोंगराच्या पोटाशी होतं, खाली भाताची खाचरं. विश्वजितचे वडील आकाराम बाहेरच्या खोलीत दारासमोर खाटेवर उशांना टेकून बसले होते. ओठ जांभळट, डोळे अर्धे मिटलेले. शेजारी मशीन घरघरत होतं आणि त्यावर ९३. त्यांची बायको धोंडुबाई दारातच उभी राहिली.

"या पावणं. मशीन न्ह्यायला आलाय व्हय? पैसं मोजून दिल्यात आमी, फुकट न्हाय आणलं."

"मशीन न्यायला नाही आलो, मावशी," शिवांजली म्हणाली. "ते बोटाचं यंत्र कुठं आहे?"

"त्ये? त्ये मोडकं हाय."

कोनाड्यातून काढून दिलेलं यंत्र शिवांजलीने आधी स्वतःच्या बोटाला लावलं. सगळ्यांना दिसेल असा हात पुढे केला. अठ्ठ्याण्णव. मग धोंडुबाईच्या बोटाला. सत्त्याण्णव. विश्वजितच्या, अठ्ठ्याण्णव. मग तिने आकारामांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरून चोळून गरम केला आणि यंत्र लावलं. आकडा थोडा हलला, मग थांबला. अठ्ठ्याहत्तर.

विश्वजितने वाकून आकडा पुन्हा वाचला.

"मग त्ये त्र्याण्णव कुणाचं?" धोंडुबाईने विचारलं.

"कुणाचंच नाही. बटण दाबलं की ते तसंच लागतं. आत काहीही असो."

सोमशेखर म्हणाला, "मावशी, चूक माझी आहे. मीच दाखवलं याला, त्र्याण्णव येतंय बघ म्हणून..."

"तुजं काय आसंल ते मागनं बोल," धोंडुबाई म्हणाली. "आदी ती टाकी आण."

टाकी जोडली. शिवांजलीने प्रवाह दोनवर ठेवला आणि ती मशीन बंद करायला वाकली. घरघर थांबली तेव्हा घर एकदम मोकळं मोकळं वाटलं, खालच्या खाचरातून कुणी बैलाला हाकत होतं तेही ऐकू येऊ लागलं. बोटावरचा आकडा सावकाश चढला. ऐंशी. त्र्याऐंशी. मग बराच वेळ तिथेच राहिला.

धोंडुबाई खाटेच्या खुराशी बसली होती. ती कुणाकडे न बघता बोलू लागली. "पाटंच म्हणत हुते, जीव घाबराय लागलाय, उठीव मला. मी काय म्हणावं? म्हटलं, त्र्याण्णव हाय की, उगं नाटकं करू नगासा." तिने पदर तोंडावर धरला.

आकारामांनी डोळे उघडले. नजर आधी टाकीवर गेली, मग बंद मशीनवर. त्यांना बोलायला एकेका शब्दाला थांबावं लागत होतं.

"म्हंजे... ब्लोअर नुसताच फिरत हुता म्हणा की. भट्टीत... कोळसाच न्हवता."

"होय," शिवांजली म्हणाली.

"फाउंड्रीत आसं कुणी केलं आस्तं तर..." ते सोमशेखरकडे बघून जरासे हसले, "साच्यात घालून वतला आस्ता."

सोमशेखर बंद मशीनची वायर गुंडाळू लागला.

आकडा सत्त्याऐंशीवर आला तेव्हा आकाराम थोडे सरळ बसले. त्यांनी शिवांजलीला जवळ बोलावलं.

"बाई, तुमी शिकल्याल्या दिसताय. खरं सांगा. तुमी आला नसता तर?"

तिने धोंडुबाईकडे पाहिलं. धोंडुबाईने मान फिरवली नाही. म्हणून शिवांजलीने सांगितलं. "झोप वाढत गेली असती. आज नाहीतर उद्या, जागच आली नसती."

"दुखलं आस्तं?"

"फारसं नाही."

"आन् आता?"

"ही टाकी रात्रीपर्यंत पुरेल. त्याच्या आत दवाखान्यात पोचायला हवं."

"आन् मग परत घरी?"

"चांगलं मशीन मी देतो," सोमशेखर म्हणाला. "नवं. पेटी तुमच्यासमोर फोडायची."

"मशीन मिळेल," शिवांजली म्हणाली. "पण डॉक्टर सोडतील की नाही, ते मला माहीत नाही. सांगता येत नाही."

आकाराम दारातून खाली खाचरांकडे बघत राहिले. इथे यायचं म्हणून त्यांनी दवाखान्यात किती जणांशी भांडण काढलं होतं, ते घर दाखवायला वाटेवर आलेल्या विश्वजितने सांगितलं होतं. आपल्या घरात, आपल्या खाटेवर, एवढंच त्यांना हवं होतं. आणि ते त्यांना मिळालेलं होतं.

"मग ऱ्हाऊ द्या की," ते म्हणाले. "झोपंतच जायाचं तर... हितंच बरं. दुखणार न्हाय म्हणत्यात बाई."

धोंडुबाई उठून आत गेली. भांडं पडल्याचा आवाज आला. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात कपड्यांची पिशवी होती.

"आगं, मी व्हय म्हटलं न्हाय आजून."

"मी तुमास्नी इचारलंच न्हाय."

"धोंडे, ऐक..."

"न्हाय ऐकत." ती पिशवी छातीशी धरून खाटेसमोर उभी राहिली. "तुमी जाशीला सुकानं, झोपंत. आन् मी? जीव घाबरतोय म्हणत हुता मानूस, आन् मी म्हटलं नाटकं करू नगासा. त्ये घिऊन मी एकटीनं ऱ्हायाचं व्हय ह्या घरात? मरायचं तर मरा म्हातारपणी, मी आडवत न्हाय. पण त्या माज्या बोलण्यावर नगासा मरू."

आकारामांनी तिच्याकडे पाहिलं. मग त्यांनी विश्वजितला खुणावलं आणि दोन्ही हात वर केले, उचल म्हणून.

गाडीत टाकी त्यांच्या पायांशी घट्ट बसवली. मागच्या सीटवर एका बाजूला धोंडुबाई, मध्ये ते, दुसऱ्या बाजूला शिवांजली. विश्वजित मोटरसायकलवर पुढे निघाला. धोंडुबाईचा चष्मा घरीच राहिला होता. तिने नवऱ्याचा हात मांडीवर घेतला होता आणि बोटावरचं यंत्र शिवांजलीच्या बाजूला वळवून धरलं होतं.

"किती?" ती विचारायची.

"सत्त्याऐंशी."

काही वेळाने पुन्हा, "किती?"

"सत्त्याऐंशीच."

मलकापूरच्या अलीकडच्या वळणावर गाडी हलली, आकाराम एका बाजूला कलले आणि त्यांची मान खाली गेली. आकडा उतरला. सोमशेखरने आरशातून मागे पाहिलं.

"किती?" धोंडुबाई म्हणाली.

"चौऱ्याऐंशी," शिवांजली म्हणाली.

धोंडुबाईने त्यांच्या पाठीमागून हात घातला आणि त्यांना आपल्या खांद्यावर सरळ टेकवलं. "उठा वो. झोपू नगासा. बोला माज्याशी, शिव्या द्या हव्या तर." मग तिने यंत्र पुन्हा शिवांजलीकडे वळवलं. "आता?"

शिवांजलीने आकडा स्थिर होईपर्यंत वाट पाहिली.

"अजून चौऱ्याऐंशीच, मावशी."

"बरं," धोंडुबाई म्हणाली, आणि तिने त्यांना आणखी थोडं वर उचलून धरलं.