हात न लावणाऱ्यांचा क्लब

मी एक गाडा बोलतोय. बैलाचा नव्हे, मोटारीचा. मोटारीमागे आकड्याला अडकवून ओढत नेतात ते चाकांवरचं घर. लोक कॅरव्हॅन म्हणतात. म्हणोत बापडे. दोन पलंग, एक गॅस, एक मोरी आणि ज्यात धड उभं राहता येत नाही असा एक संडास. एवढाच माझा संसार.

चौऱ्याऐंशी साली इंग्लंडातल्या हल शहराजवळच्या कारखान्यात माझा जन्म झाला. आत लाकडी सांगाडा, वरून पत्रा. पहिल्याच वर्षी बॅटली गावच्या डेस्मंड ओल्डरॉइडने मला घेतलं. तो लोकरीच्या गिरणीत मुकादम होता. बायको थेल्मा शाळेत पोरांना जेवण वाढायची. चौदा वर्षं त्यांनी मला यॉर्कशरभर हिंडवलं. काम वाटून घेतलेलं होतं. जोडणं, ओढणं, मागे घेणं डेस्मंडचं. चहा करणं आणि मागे उभं राहून "ये, ये, ये, अरे थांब!" ओरडणं थेल्माचं. तो थांबायचा नाही, हे वेगळं.

मला मागे घेणं म्हणजे खायचं काम नाही. मला उजवीकडे ढकलायचं तर स्टिअरिंग डावीकडे फिरवावं लागतं. माणसाच्या डोक्याला ते पटत नाही. डेस्मंडला जमायला तीन वर्षं लागली, आणि त्या तीन वर्षांत त्याने स्वतःच्या चुकीच्या सगळ्या शिव्या थेल्माला दिल्या. तिने त्या चहाबरोबर गिळल्या.

यंदा फेब्रुवारीत डेस्मंड गेला. हृदय बंद पडलं. मी घरासमोर ताडपत्रीखाली उभा होतो. आठ आठवडे माझं दार कुणी उघडलं नाही.

एप्रिलात थेल्मा आत आली आणि टेबलाशी बसली. मागून पोरगी जनीन आली. जनीन बँकेत आहे, तिला सगळं लवकर उरकायचं असतं.

"आई, विकून टाक. तुला साधं दुकानासमोर पार्किंग जमत नाही."

"शिकेन."

"सहासष्टाव्या वर्षी?"

"मग काय, शहाहत्तराव्या वर्षी शिकू?"

"एकटी कुठे जाणार आहेस? कुणाबरोबर?"

थेल्माने तीन पत्रकं टेबलावर ठेवली. गाडेवाल्यांचे तीन क्लब. "यातला एक धरते. उन्हाळा संपेपर्यंत जमलं तर ठीक. नाही जमलं तर तू म्हणशील त्याला गाडा दे. मी शब्द बोलणार नाही."

माझं काळीज, म्हणजे जे काही असेल ते, तिथेच थिजलं. माझं मरण-जगणं त्या तीन कागदांवर आलं होतं. तिचंही आलं होतं. घरात ती दिवसभर डेस्मंडच्या खुर्चीकडे तोंड करून बसायची, हे जनीनच म्हणत होती.

पहिलं पत्रक देशभरातल्या मोठ्या क्लबाचं होतं. जाडजूड, गुळगुळीत. फरसबंद जागा, गरम पाणी, विंचरल्यासारखं गवत. प्रत्येक जागेला एक पांढरी खुंटी, आणि गाड्याचा कोपरा त्या खुंटीलाच लागला पाहिजे. वीतभर चुकलं की व्यवस्थापक सायकलवरून येतो आणि फार गोड बोलतो.

"त्या खुंटीकडे मी सोमवारी निघाले तर शुक्रवारी पोचेन," थेल्मा म्हणाली आणि ते पत्रक तिने बाजूला सरकवलं.

उरले दोन. एक डेस्मंडचा जुना क्लब, बॅटली-ड्यूसबरीकडच्या जोडप्यांचा. दुसरा एकट्यांचा. विधवा, विधुर, सोडलेले, सुटलेले. त्या दुसऱ्याचं पत्रक तिने जनीनच्या देखत उघडलंसुद्धा नाही. लोक म्हणतील, म्हातारी नवरा शोधायला निघाली.

मेअखेरच्या सुट्टीत आम्ही जुन्या क्लबाबरोबर पिकरिंगजवळच्या कुरणात गेलो. थेल्माने मला पस्तीसच्या वेगाने नेलं. मागे ट्रॅक्टरसुद्धा वैतागले. पण नेलं. कुरणाच्या फाटकात तिने काच खाली केली, मान मागे वळवली आणि मला मागे घ्यायला सुरुवात केली. तेवढ्यात क्लबाचे अध्यक्ष रॉय हेग धावत आले.

"अगं पोरी, उतर, उतर! आम्ही कशाला आहोत?"

"मला जरा करून बघू दे, रॉय."

"डेस्मंडला वर काय तोंड दाखवू मी? बस तू. मॉरीन, हिला चहा दे!"

सहा गडी आले. आकडा काढला, मला खांदे लावले आणि हो-हो करत ढकलत नेऊन जागेवर बसवलं. चार मिनिटांत काम फत्ते. मी डुलू नये म्हणून रॉयने माझ्या चारही कोपऱ्यांचे पाय खाली केले. खरं सांगतो, मला बरं वाटलं. जाणते हात होते ते. बाईच्या हाती सुकाणू म्हटल्यावर माझा पत्राही आखडला होता. मी जुन्या चालीचा आहे, खोटं कशाला बोलू?

थेल्मा हातात चहा घेऊन खुर्चीत बसली होती. शेजारी रॉयची बायको मॉरीन.

"काय गं, रॉयची पाठ दुखत होती ना?" थेल्माने विचारलं.

"दुखते ना. आमच्या गाड्याचे पाय खाली करायला सांगितले की दुखते." मॉरीन हसली. पण ते हसू गार झालेल्या चहासारखं होतं.

दुपारी जोड्यांच्या डॉमिनोच्या स्पर्धेत थेल्माला जोडी नव्हती. तिला पावांना लोणी लावायला बसवलं. तीन दिवस हेच. कुणी पाणी आणून दिलं, कुणी गॅसची टाकी बदलली, आणि शेवटच्या दिवशी मला मोटारीला जोडून तिच्या हातात नुसती किल्ली दिली. एकही माणूस वाईट वागला नाही. परतीच्या वाटेत मालटनजवळ तिने मोटार कडेला घेतली आणि बराच वेळ रडली. मला कारण कळेना. मी म्हटलं, बायकांचं काय, रडतात.

जूनमध्ये कुणाला न सांगता तिने मला मॅशमजवळच्या एका शेतात नेलं. एकट्यांचा क्लब. फाटकात विन पार्जिटर नावाची बाई उभी होती. पूर्वी बर्मिंगहॅमला बस चालवायची. हात छातीवर बांधलेले.

"नवीन? आमचा नियम एकच. मागितल्याशिवाय कुणी तुमच्या गाड्याला हात लावणार नाही. 'मदत' म्हणा, आम्ही येतो. नाही म्हणालात तर आम्ही बसून बघतो. हसतोही."

"किती वेळ बघता?"

"मागच्या महिन्यात एक जण साडेतीन तास लावत होता. आमचं जेवण झालं बघता बघता."

सातआठ म्हातारे-म्हाताऱ्या खुर्च्या टाकून बसले. माझी घडी पडली. म्हणजे मोटार एकीकडे, मी एकीकडे, कात्रीसारखे. पुन्हा पुढे. पुन्हा मागे. पुन्हा घडी.

गॉर्डन नावाचा गृहस्थ मांडीवर बुटकं कुत्रं घेऊन बसला होता. तो ओरडला, "बाई, घाबरू नका! आम्हाला तुमच्यात रस नाही, तुमच्या किटलीत आहे! लवकर लावा आणि चहा टाका!"

"तुमच्या कुत्र्याला आवरा, मग लावते!"

"त्याला कशाला आवरू? एवढी करमणूक त्याला कधी मिळाली नव्हती!"

सगळे खदखदून हसले. थेल्माही हसली. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा मी ते ऐकलं. आणि त्या हसण्याच्या भरात तिने मला नळाच्या खांबावर आदळलं.

डावा मागचा कोपरा. पत्रा आत गेला, सांधा उघडला. मी किंचाळलो, पण आमचं किंचाळणं माणसांना पत्र्याचा आवाज वाटतो. विनने नुसती भुवई उचलली. 'मदत' हा शब्द थेल्माच्या ओठांवर आलेला मला दिसला. तिने तो परत आत घेतला. उतरली, खांब बघितला, मला बघितलं, परत बसली. एक तास चाळीस मिनिटांनी मी जागेवर होतो. तिरका, एका अंगाला कललेला. पण तिने लावलेला. टाळ्या वाजल्या. त्या रात्री तिची उशी सारखी खाली घसरत होती आणि ती अंधारात एकटीच हसत होती.

घरी आल्यावर तिने कोपऱ्यावर चंदेरी चिकटपट्टी लावली. पोचा मात्र तसाच ठेवला. लोक बिल्ला मिरवतात तसा ती तो पोचा मिरवते.

ऑगस्टमध्ये रॉय घरी आला. जुन्या क्लबाचा अर्ज घेऊन. स्वतःच सगळा भरला होता, नाव, पत्ता, गाडीचा नंबर. "तू फक्त सही कर, पोरी." तेवढ्यात त्याची नजर माझ्याकडे गेली.

"अरे देवा! हे कुणी केलं?"

"मी."

"डेस्मंड असता तर..."

"डेस्मंड असता तर मला शिव्या घालत बसला असता. खांबाला त्यानेही दोनदा ठोकलंय."

रॉय वाकला. त्या क्लबातले गडी दरवर्षी एकमेकांच्या गाड्यांचे कोपरे अंगठ्याने दाबून बघतात, आत ओल शिरली का ते. लाकूड मऊ लागलं की गाडा संपायला लागला. त्याने पट्टीची कड उचकटली, अंगठा पुढे केला. माझा जीव त्या अंगठ्यात गोळा झाला. दाब रे बाबा, म्हटलं. दाब आणि सांग तिला.

"रॉय, हात लावू नकोस."

"अगं, मी फक्त बघतोय..."

"मी सांगितलं का तुला बघायला?"

अंगठा थांबला, माझ्यापासून बोटभर अंतरावर. म्हाताऱ्याचे कान लाल झाले. त्याने अर्जाची घडी केली, खिशात घातली आणि टोपी नीट करत निघून गेला. त्याच दुपारी थेल्माने एकट्यांच्या क्लबाच्या अर्जावर सही केली. जनीनला फोनवर सांगितलं, "गाडा राहतोय. मीही राहतेय."

आता नोव्हेंबर चाललाय. मी ताडपत्रीखाली उभा आहे. पट्टी सुटलीये. पाऊस पत्र्याच्या आत उतरतो, पलंगाखालच्या लाकडात मुरतो. कोपरा चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा झालाय. वरून काही दिसत नाही. ती दर रविवारी येते, टेबलाशी बसते, नकाशा उघडते. मार्चमध्ये विन आणि गॉर्डनबरोबर स्कॉटलंडला जायचंय म्हणते. हातात चहा, समोर नकाशा. त्या मऊ कोपऱ्यापासून ती दोन हातांवर बसते.

तिने क्लब चुकीचा निवडला असं मी म्हणत नाही. मे महिन्यात म्हटलं असतं, आता म्हणवत नाही. रॉयच्या क्लबात मी आणखी दहा वर्षं टिकलो असतो, आणि ती पावांना लोणी लावत मेली असती. पण या नव्या लोकांचा नियम मला फार जड जातोय. मागितल्याशिवाय हात लावत नाहीत. आणि मला मागता येत नाही.

थेल्मा, हे तुला ऐकू येणार नाही, तरी सांगतो. पुढच्या रविवारी नकाशा मिटल्यावर पलंगाखाली वाक. डावीकडचा मागचा कोपरा. तिथे अंगठा दाब. आत जाईल. तुला वाईट वाटेल, वाटू दे. दुसऱ्या कुणाला बोलावण्याआधी तू स्वतः दाब.