ठमाबाईचा क्लेम

“नाव नाई घेत मी तिचं,” ठमाबाईनं फोनवर ठणकावून सांगितलं.

पलीकडे विमा कंपनीची मुलगी होती. ती म्हणाली, “मॅडम, सहप्रवाशाचं नाव कळल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.”

“तं मंग सुनेले विचारा. ते सांगन.” ठमाबाईनं फोन पुनमच्या हातात कोंबला आणि प्लास्टरमधला पाय दोन्ही हातांनी उचलून उशीवर नीट ठेवला.

पुनमनं मुकाट्यानं नाव सांगितलं, बुधरी हलामी. यात सासूबाईंचा हट्ट नाही हे तिला ठाऊक होतं. कोरचीकडे, छत्तीसगडला लागून असलेल्या गावांत एक रीत आहे. दोन बायांचं मन जुळलं की त्या चारचौघांसमोर एकमेकींच्या कानावर फूल खोचतात आणि त्या दिवसापासून एकमेकींचं नाव घेणं सोडतात. हाक मारायची ती ‘फूल’ म्हणून. ठमाबाई आणि बुधरी तिथल्या आश्रमशाळेत स्वयंपाकिणी होत्या. एकीनं भाताचं पातेलं उतरवायचं तर दुसरीनं फडकं धरायचं, अशी दोघींची उभी नोकरी गेली.

बोलायचं खातं मात्र ठमाबाईकडे. तांदूळ कमी आला म्हणून मुख्याध्यापकांशी भांडायचं तर तिनं, बुधरीची रजा मागायची तीही तिनंच. बुधरी मागे उभी राहून मान हलवायची. ‘आमच्या फुलाले काई समजत नाई, मलेच पाहा लागते,’ असं ठमाबाई कौतुकानं सगळ्यांना सांगायची आणि ते ऐकूनही बुधरी मान हलवायची.

जहाजाचं खूळही ठमाबाईचंच. स्वयंपाकघराला लागून पाचवीचा वर्ग होता. दरवर्षी मास्तर समुद्र शिकवायचे, भरती, ओहोटी, बंदर, दीपस्तंभ, आणि ठमाबाई डाळ घोटता घोटता ऐकायची. अशी तिची पाचवी कितीदा तरी झाली. रिटायर झाल्यावर ती भद्रावतीला मुलाच्या फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये राहायला आली, नवरा गेला, गुडघे कुरकुरायला लागले, पण समुद्र काही डोक्यातून गेला नाही. पुनमच्या मोबाइलवर मुंबई-गोवा जहाजाची जाहिरात दिसली तशी तिनं दोन तिकिटं काढायला लावली. बुधरीला विचारलं का? विचारलं, म्हणजे सांगितलं. बुधरीनं आपल्या वाट्याचे पैसे पोस्टातून काढून दिले.

जहाजावर चप्पल शोभायची नाही म्हणून ठमाबाईनं बूट घेतले. जन्मात कधी बूट घातले नव्हते, तेव्हा सवय व्हावी म्हणून ती रोज सकाळी ते घालून कॉलनीत फेऱ्या मारू लागली. एके दिवशी गतिरोधकावर बुटाचं टोक अडकलं आणि बाई आडव्या झाल्या. घोट्याचं हाड मोडलं. दीड महिना पाय टेकायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं, आणि जहाज तर येत्या शुक्रवारी सुटणार होतं.

एक दुपारभर तिनं मनसोक्त रडून घेतलं. मग पदर खोचला. जहाज गेलं तर गेलं, पण पैसा सोडायचा नाही, आणि स्वतःच्या आधी बुधरीचा सोडायचा नाही. आपल्या नादानं त्या गरीब जिवाचं नुकसान झालं, हे तिला फार लागलं होतं.

फोनवरच्या मुलीनं तासाभरानं निकाल सांगितला. ठमाबाईंना दुखापत झाली आहे, दवाखान्याचे कागद आहेत, त्यांचा क्लेम होईल. सहप्रवासी मात्र नात्यातल्या नाहीत आणि धडधाकट आहेत. त्यांनी आपल्या मर्जीनं प्रवास रद्द केला तर भरपाई मिळणार नाही.

“नात्यातली नाई म्हन्ते!” ठमाबाईनं फोन गादीवर आपटला. “पुनम, गुणवंतभाऊले बोलाव.”

गुणवंतराव दोन गल्ल्या पलीकडे राहायचे. फॅक्टरीतून निवृत्त झाल्यावर ते विम्याची एजन्सी चालवत आणि ही पॉलिसी त्यांनीच काढून दिली होती. “जयभीम, ठमाबाई,” म्हणत ते आले, चष्मा चढवून पॉलिसी वाचत बसले आणि चहा होईस्तोवर त्यांना एक वाट सापडली.

“एक कलम हाये. सोबतचा मानूस एकट्यानं प्रवास कराले असमर्थ असन, तं त्याचंबी तिकीट क्लेममंधी बसते. तसं लिहून द्या. त्यायचा अंगठा घेऊ.”

“सही येते तिले,” ठमाबाई म्हणाली. मग जरा विचार करून म्हणाली, “पन अंगठाच बरा दिसन.”

पुनम लिहायला बसली. गुणवंतरावांनी सुरुवात करून दिली आणि ठमाबाईनं गाडी हातात घेतली. शिकलेली नाही, लिही. मराठी कळत नाही, लिही. गुणवंतराव म्हणाले, एवढं पुरे. ठमाबाई म्हणाली, कच्चं काम मला चालत नाही, आणखी लिही.

शाई वाळते न वाळते तोच बुधरी दारात उभी. फुलाचा पाय बघायला आणि, आधीच निरोप गेला होता तसा, क्लेमच्या कागदावर सही करायला म्हणून ती भल्या पहाटे कोरचीहून निघाली होती. डोक्यावर गाठोडं होतं, त्यात घरच्या चारोळ्या. तिनं ठमाबाईचा पाय वरून खालून हळूच चाचपला, “लय दुखते का, फूल?” म्हणून विचारलं आणि जमिनीवर बसून पाणी प्यायली.

“इथी अंगठा दे,” ठमाबाई म्हणाली. “मंग तुहे पैसे कुठीच जात नाई.”

“काय लिवलं हाये?”

“काई नाई, कंपनीले लागते ते.”

“वाच ना, पुनम.”

पुनमनं सासूकडे पाहिलं, गुणवंतरावांकडे पाहिलं. वाचण्यावाचून गत्यंतर नव्हतं. “सदर महिला अशिक्षित असून तिला मराठी नीट समजत नाही. आपल्या गावाबाहेरचं तिला काहीही कळत नाही. कोणी हात धरून नेल्याशिवाय ती कोठेही जाऊ शकत नाही. लहान मुलाप्रमाणे तिला सांभाळावं लागतं.”

बुधरीनं पेला खाली ठेवला. “कोनाबद्दल हाये हे?”

“तुह्याचबद्दल,” ठमाबाई म्हणाली. “पैसे निघाले पायजे ना! असंच लिवा लागते.”

“मी आज कोनाचा हात धरून आली?”

कोरचीहून गडचिरोली, गडचिरोलीहून चंद्रपूर, तिथून भद्रावती, आणि कॉलनीत विचारत विचारत घर. हे सगळं तिथं बसलेल्या तिघांनाही ठाऊक होतं.

“मले माईत हाये ना, बाई! पन कागदाले काय कळते?”

“कागदाले नाई कळत,” बुधरी म्हणाली. “तुले तं कळते.”

आवाज चढलेला नव्हता. पण ठमाबाईच्या कानशिलांना चटका बसला. जिचं नाव तोंडातून काढायचं नाही इतका मान, तिच्याबद्दल बाकीचं सगळं तिनं आपल्याच तोंडानं सांगून लिहवून घेतलं होतं. आणि खोटं सांगताना तिला एकदाही अडखळायला झालं नव्हतं. वर्षानुवर्षं कौतुकानं तेच तर बोलत आली होती.

“मी अंगठा नाई देत,” बुधरी म्हणाली. “सहीबी नाई देत.”

“अवं, मंग पैसे बुडन!”

“काऊन बुडन? जहाज बुडालं का?” बुधरीनं पदरानं तोंड पुसलं. “शुक्रवारी सुटते ना ते? पाय तुहा मोडला. माहे दोनी शाबूत हायेत. मी जाते.”

गुणवंतरावांचा चहा बशीतच राहिला. पुनमला हसू आलं, ते तिनं दाबलं. आणि ठमाबाईच्या मनात सगळ्यात आधी काय आलं, तर समुद्र माझा आहे! तो मी ऐकला, मी जपला, आणि ही जाणार? ती चिडूनच बोलली, “तुले कधीपासून समुद्र पाहाचा होता? आजलोक तं कधी बोलली नाई.”

“मीबी त्याच चुलीपाशी होती, फूल. मास्तरचं मलेबी आयकू ये.” बुधरीनं गाठोड्याची गाठ सोडली. “तू इचारलं नाई कधी.”

हरायची ठमाबाईला सवय नव्हती, पण एकदा ठरवलं की मग अर्धवटही काही ठेवायची नाही. ती ताठ बसली.

“पुनम, तो कागद फाड. माह्या एकटीचा क्लेम पाठव. कारन काय झालं ते खरंखुरं लिही, नवे बूट. आणि त्या टूरवाल्याले फोन लाव, म्हना एकच तिकीट कॅन्सल. दुसरी बाई येऊन राह्यली.”

टूरची मंडळी मुंबईच्या गाडीसाठी गुरुवारी नागपूर स्टेशनवर जमणार होती. बुधरी तेवढे दिवस तिथंच राहिली. पुनमनं तिला मोबाइलवर फोन उचलायला, लावायला शिकवलं. ठमाबाईनं मध्ये मध्ये तोंड घालायचा प्रयत्न केला आणि दर वेळी आपणच गप्प झाली. रात्री दोघी शेजारी झोपायच्या. जहाजाबद्दल त्या फारशा बोलल्या नाहीत.

गुरुवारी सकाळी ठमाबाई ऐकेना. डॉक्टर काही म्हणोत, ती ऑटोत पाय आडवा टाकून बसस्टँडवर आलीच. नागपूरची एसटी लागलेली होती. बुधरी खिडकीशी जाऊन बसली. ठमाबाई कुबडी काखेत धरून, पुनमच्या खांद्यावर हात ठेवून खाली उभी राहिली.

कंडक्टर तिकिटं फाडत बुधरीपाशी आला. नऊवारी लुगडं, गोंदलेले हात, मांडीवर गाठोडं, शेजारी कुणी नाही. त्यानं खिडकीतून खाली वाकून ठमाबाईलाच विचारलं, “मावशी, या आजी एकट्याच का? यायले नागपूरले कुठी उतरवू? कोनी घ्याले येनार हाये का?”

सगळी उत्तरं ठमाबाईच्या जिभेवर तयार होती. स्टेशनचं कोणतं फाटक, टूरवाल्या माणसाचं नाव, बसमध्ये हिला मळमळतं, पुढं बसवा, लक्ष ठेवा. तिनं तोंड उघडलं. मग कुबडीवरची मूठ आवळली.

“तिलेच विचारा,” ती म्हणाली.

कंडक्टर वळला. बुधरीनं कमरेची पिशवी सोडली. “टेशनच्या जवळ उतरवा,” ती म्हणाली, “आणि बायांचं एक अर्धं तिकीट द्या.”

घंटी वाजली. एसटी मागे आली, वळली आणि धूळ उडवत फाटकाबाहेर पडली. बुधरीनं खिडकीतून हात बाहेर काढला होता. ठमाबाईचे डोळे भरून आले. इतकी वर्षं ऐकलेला समुद्र तिच्याशिवाय चालला होता आणि ते दुःख काही थोडंथोडकं नव्हतं.

“चला आई, ऑटोवाला थांबला हाये,” पुनम म्हणाली.

“थांब जराशी.” तिनं पुनमच्या खांद्यावरचा हात काढला आणि गाडी नागपूरच्या रस्त्याला लागून दिसेनाशी होईपर्यंत ती कुबडीच्या आधारानं, एका पायावर, उभीच राहिली.