सखा, मोरू, विठू

“खुर्च्या नीट पूस रं नागू, त्यावर साहेब बसायचेत,” मांडवातून गजा ओरडला.

शिळफाट्याच्या डब्यांच्या कारखान्यातील युनियनचा हा पुढारी पंधरा दिवसांचा जर्मनीचा दौरा आटोपून परतला होता आणि ‘देशोदेशीची बेकारी’ या गहन विषयावरील आपले ज्ञान आज कामगारांस वाटणार होता. खुर्च्या पुसणारा नागू स्वतः महिन्याभरापासून बेकार होता. परंतु त्या विद्वानास ही बाब दखलपात्र वाटली नव्हती.

नागू अकरा वर्षे एकाच मशीनवर डब्यांची झाकणे कापीत आला होता. वर्षात दोनशे चाळीस दिवस भरले की कामगारास कायम करावे लागे. म्हणून सात महिने होताच कारखाना त्याला ‘ब्रेक’ म्हणून घरी बसवी आणि पुढे नव्या नावाचे कार्ड हाती ठेवी. कधी तो मोरू झाला, कधी विठू. कायम कामगारांची युनियन पान चघळीत हे पाहत असे.

आता मात्र पाच वर्षे राबलेल्या हंगामी माणसांना कायम करण्याचा करार झाला होता. ती यादी गजाच्या खिशात होती.

“जर्मनीत मानूस कामावरनं सुटला की सरकार त्याला भत्ता देतं!” गजा गरजला. “मालकाला उगाच काढता येत नाय. कायदा हाय तिथं!”

टाळ्या थांबल्यावर नागू उठला. “गजा, तो भत्ता कंच्या नावानं मिलतो?”

“म्हंजे? ज्याच्या त्याच्या!”

“मंग बरा हाय. तिकडं मानूस निदान आपल्या नावानं बेकार व्हतो.”

मांडव हसला. गजाचे कान लाल झाले.

सभेनंतर त्याने यादीवरून सावकाश बोट फिरवले. “नागू धर्माचे सातच महिने भरतात, बाबा. बाकी मोरू नि विठू. त्या दोघांना घेऊन ये, करतो कायम!”

“नाव बदल म्हनून तूच सांगितलंस ना?”

“म्हनून तर तुझी चूल पेटली. सोमवारी गेटवर ये, सखा म्हनून लावतो.”

सोमवारी बायकोने, गोदूबाईने, फडक्यात भाकरी बांधून दिली. “जावा गपचूप. नावानं काय पोट भरतं?” ती म्हणाली. नागूने फडके उचलले आणि वाट धरली.

गेटवर पहारेकरी लियाकत कार्ड हाती घेऊन उभा होता. अकरा वर्षांची त्यांची ओळख.

“सखा धर्मा!”

समोर उभा असलेला नागू हलला नाही.

“सखा धर्मा!” पुन्हा हाक झाली. मग लियाकतने आवाज खाली आणला. “नागू, अरं ये ना. फक्त हाय म्हन.”

“आता कंच्या नावानं हाक मारलीस? त्याच नावाचा कार्ड दे, आलोच.”

लियाकतने कार्डाकडे पाहिले आणि मान खाली घातली. भोंगा झाला. फाटक बंद झाले.

आत त्याचे झाकणांचे मशीन सुरू झाले. भाकरीचे फडके हातात धरून नागू रस्त्यावरच कान देऊन उभा राहिला. चार ठोके पडले, पाचवा चुकला. कोणीतरी पत्रा तिरका लावला होता.