काचेच्या पेटीतला पर्जन्यमापक

मित्रांनो, मी एक जुना पर्जन्यमापक आहे आणि आधीच सांगून ठेवतो, माझं डोकं फिरलेलं आहे.

मी पत्र्याचा, दोन फूट उंच, पोटात एक बारीक नळी. अमेरिकेतल्या ओक्लाहोमात, नॉर्मन गावाच्या बाहेर, लोरीन प्रुइटबाईंच्या कुरणात मी शेहेचाळीस वर्षं उभा होतो. मालकी सरकारी हवामान कचेरीची, पण जीव लावला बाईंनी. रोज सकाळी सात वाजता त्या यायच्या, नळीत काडी बुडवायच्या, ओल कुठवर चढली ते बघून वहीत आकडा लिहायच्या. कोरडा दिवस असला तर शून्य लिहायच्या, पण जागा मोकळी सोडायच्या नाहीत. गारा पडल्या की मला स्वयंपाकघरात नेऊन मोजून घेतलेल्या कोमट पाण्याने त्या वितळवायच्या आणि ते पाणी वजा करून मग आकडा लिहायच्या. नवरा गेला त्या सकाळीही बाई आल्याच.

आमचा मुलूख म्हणजे हवामानशास्त्राचं माहेरघर. विद्यापीठ आहे, रडार आहेत, वादळांमागे धावणारी पोरं आहेत. मग अंदाज विकणाऱ्या कंपन्या आल्या. मला अभिमानच वाटला, काय म्हणावं माझ्या भाबडेपणाला! त्यातल्याच एकीने कुरणाला खेटून चार मजली इमारत चढवली. तिरका पाऊस भिंतीवर आपटू लागला आणि माझं पोट अर्धंच भरू लागलं.

कंपनीचा साहेब ब्रॉक सटर बाईंना म्हणाला, "मॅडम, तुमचे आकडे हल्ली कमी येतात. वाचताना चुकत असेल. वय झालं की व्हायचंच."

"वय माझं झालंय, पावसाचं नाही!" बाई कडाडल्या. "तुझी भिंत आडवी आलीय. हवामानाचा धंदा करतोस आणि पाऊस कुठून येतो एवढं कळत नाही?"

बाईंनी कचेरीला लिहिलं की मला कुरणाच्या पलीकडच्या टोकाला उघड्यावर हलवू द्या, इतक्या वर्षांची नोंद तुटू देऊ नका. उत्तर आलं, आकडे भरवशाचे नाहीत, तुमचं पाऊस नोंदवायचं केंद्र बंद. आणि मला कंपनीला भेट देऊन टाकलं!

कंपनीने मला स्वागतकक्षात गालिच्यावर, काचेच्या पेटीत उभं केलं. खाली पितळी पाटी, 'अखंड सेवा'. वर छत! अरे, पर्जन्यमापकाच्या डोक्यावर छत? संताप संताप झाला माझा.

आठवड्याने बाई आल्या.

"बघा मॅडम, कसा चकाचक केलाय!" ब्रॉक म्हणाला.

बाईंनी पेटी उघडली आणि मला काखोटीला मारलं.

"अहो मॅडम, तो कंपनीचा आहे!"

"मग बोलाव पोलिसांना. मी कुरणातच आहे."

मित्रांनो, जुन्याचा मान राखायचा असेल तर त्याचं काम हिरावून घेऊ नका. पाट्या कसल्या लावता? त्याच्यापुढे उभी केलेली भिंत आधी बघा.

आता मी पलीकडच्या टोकाला उभा आहे. काल पाऊस झाला. बाईंनी काडी पाहिली, सव्वा इंच. कचेरीने तो आकडा घेतला नाही.

न घेऊ दे. पाऊस सव्वा इंचच पडला.