मला भिजत घाला

मी एक जुनी होडी आहे. लाकडाची, बुडाला चपटी आणि खरं सांगायचं तर स्वभावाने जराशी कुरकुरी. मित्रांनो, मला तोंड असतं तर ही गोष्ट घडलीच नसती. पण होडीला कसलं आलंय तोंड! जे होईल ते मुकाट्याने सोसायचं, एवढंच आमच्या हातात. आणि हातही नाहीत म्हणा.

माझा जन्म तळ्याकाठच्या एका सुताराच्या अंगणात झाला. सुतार माझ्याहून कुरकुरा. फळीला फळी जोडताना सारखा स्वतःशी पुटपुटत असायचा. मी तयार झाले तेव्हा त्याने माझ्या मालकांना बजावून सांगितलं, "ही कोरडी राहिली की हिचे सांधे उघडतात. वापरायच्या आधी चांगली पाण्यात बुडवून ठेवा. लाकूड फुगलं की फटी आपोआप मिटतात." मालकांनी ते शब्द गाठीला बांधले.

मालकांचं सुट्टीचं घर तळ्याच्या पलीकडे, टेकडीच्या वळणाआड होतं. तिथवर रस्ता नव्हता. जायचं तर माझ्यात बसूनच जायचं. दर उन्हाळ्यात मालक सगळ्यांच्या आधी एकटे यायचे, माझ्यात दगड भरायचे आणि मला काठाशी खुशाल बुडवून ठेवायचे. येणारेजाणारे विचारायचे, "काय हो, होडी चालवायला घेतलीत की बुडवायला?" मालक नुसते हसायचे. मी मात्र पाण्याखाली पोटभर पाणी पीत पडलेली असायचे. काय सुख होतं ते!

मग बाई यायच्या, म्हणजे मालकांच्या पत्नी. बरोबर त्यांची दोन मुलं, मोठी ताई आणि धाकटा टिल्लू. तोवर मालकांनी मला उपसून, पुसून लख्ख करून ठेवलेलं असायचं. टिल्लूने मला बुडालेली कधी पाहिलीच नाही. त्याला वाटायचं, होड्या अशा तयारच असतात. मित्रांनो, पुढे नेमकं हेच नडलं.

बाई नेहमी माझ्या पुढच्या फळीवर बसायच्या, तोंड घराकडे करून. वळण ओलांडलं की एकदम लाल कौलं दिसायची. मग बाई टाळी वाजवून म्हणायच्या, "आलं बाई घर!" जणू घरच चालत आमच्याकडे आलंय. मुलं हसून हसून लोळायची, मालक वल्ही मारायचे थांबायचे, आणि मी उगाचच शेफारून जायचे. आम्ही पोहोचलो असं मला त्या टाळीशिवाय वाटायचंच नाही.

पुढे मुलं मोठी झाली. एके वर्षी मालक आलेच नाहीत. ते गेले, हे मला टिल्लूच्या रडण्यावरून कळलं. त्याने मला काठावरून ओढत नेलं, शेडमध्ये ठोकळ्यांवर ठेवलं आणि ताडपत्रीत गुंडाळलं. "बाबांची होडी आहे," तो ताईला म्हणाला, "हिला आता पाण्याचा थेंबसुद्धा लागू द्यायचा नाही."

आता याला काय म्हणावं! इतकं प्रेम, आणि इतकं चुकीचं! मी आतल्या आत सुकत गेले. एकेक सांधा उघडा पडला. शेडबाहेर तळ्याचं पाणी काठावर आपटायचं. ते मला ऐकू यायचं, पण जाता येत नव्हतं. कितीतरी उन्हाळे असेच गेले.

मग एक दिवस ताडपत्री निघाली. समोर टिल्लू उभा होता. डोक्यावरचे केस गेले होते, पण नाव तेच. बाईंची नजर जात चालली होती. डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं की गेलेली नजर परत यायची नाही. बाईंनी मुलाकडे एकच मागणं केलं होतं, "दिसतंय तोवर मला एकदा आपलं घर दाखव रे."

टिल्लू झपाटल्यासारखा कामाला लागला. त्याने माझ्या फटींत लांबीचा लगदा भरला आणि वर आईच्या आवडीचा निळा रंग फासला. मी अशी नटले की बघणारा म्हणेल, काय होडी आहे! आणि आतून माझा जीव टांगणीला लागला होता.

बाई काठावर आल्या. त्यांनी माझ्यावरून हात फिरवला. "काय रे, हिला भिजत घातली होतीस ना? तुझे बाबा आधी येऊन घालायचे."

"भिजत? आई, होडी आहे ती, वाटाणे नाहीत!"

ताई हसली. बाईसुद्धा हसल्या आणि पुढच्या फळीवर जाऊन बसल्या. मी एकटीच हसले नाही. अरे बाबा, ऐक तिचं, असं मला ओरडायचं होतं.

तळ्याच्या मध्यावर पहिली फट उघडली. मग दुसरी. टिल्लूने वल्ही जोरात मारली, ताई डब्याने पाणी उपसू लागली, पण पाणी घोट्यापर्यंत चढलं. मी जिवाच्या आकांताने फुगायचा प्रयत्न केला. पण लाकूड त्याच्या वेळेनेच फुगतं, मनात आणून नाही. वळण अगदी समोर होतं.

"अजून थोडंच राहिलंय ना रे?" बाईंनी विचारलं.

टिल्लूने ओठ चावला आणि मला मागे फिरवलं. कसेबसे काठाला लागलो. बाई कमरेपर्यंत भिजल्या होत्या, थरथरत होत्या. ताई म्हणाली, "दुसरी होडी बघू, आई. उद्याच जाऊ." पण बाई तापाने आजारी पडल्या, आणि त्यांना शहरात न्यावं लागलं.

मी काठाशी अर्धी बुडून पडले. आणि गंमत बघा, काहीच दिवसांत माझे सगळे सांधे गच्च मिटले. आता थेंबही आत शिरला नसता. पण आता कोण येणार होतं?

बऱ्याच दिवसांनी ती तिघं आली. ताईने बाईंचा हात धरला होता. पायरी आली की ती सांगत होती, "आई, पायरी." तेव्हा मला कळलं. मला वाटलं, तळ्याच्या तळाशी जाऊन पडावं.

टिल्लूने माझ्यातलं पाणी उपसून काढलं. टोकाला नीट टेकता यावं म्हणून ताईने बाईंना पुढच्या फळीवर पाठमोरं बसवलं. त्यांचं तोंड आम्ही सोडलेल्या काठाकडे राहिलं. मी सरळ, कोरडी ठणठणीत चालले होते. बाईंनी खाली हात लावून पाहिला. "या वेळी भिजत घातलीस वाटतं."

"हो, आई." टिल्लूने वल्ही मारता मारता सांगितलं.

वळण आलं. लाल कौलं माझ्या समोर होती. बाईंना ते वळण बरोबर कळलं. त्यांनी मान उंचावली आणि रिकाम्या काठाकडे डोळे लावून बसल्या, वाट बघत. मला वळता येईना. वल्ही माझ्या हातात थोडीच होती!

टिल्लू थांबला. त्याने मागे वळून आईकडे पाहिलं, मग तिच्या पाठीमागच्या घराकडे पाहिलं. त्याने एकच वल्हं पाण्यात रोवलं आणि मला हळूहळू फिरवलं. बाईंचं तोंड घराकडे झालं. उरलेलं अंतर आम्ही उलटे गेलो.

"आई, आलं घर," तो म्हणाला.

बाईंनी टाळी वाजवली.

मित्रांनो, तुमच्याही घरी कुणाची तरी आठवण म्हणून जपून, गुंडाळून ठेवलेलं काहीतरी असेल. ते उघडा आणि वापरा. ते कसं वापरायचं हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना वेळेत विचारा, आणि ते सांगतील तेव्हा हसू नका. मी आता रोज पाण्यात असते. माझ्यातून थेंबही गळत नाही. पण बाईंना मी घर दाखवू शकले नाही, ते नाहीच.